महापालिकेच्या खोल्या कोणासाठी?

मुंबई महानगरपालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली आणि तेव्हापासून जानेवारी २०२६ मधील निवडणुकीपर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे, या शहराचा कारभार लोकनियुक्त सभेवाचून चालला. या चार वर्षांचा हिशेब अनेकांनी अनेक अंगांनी मांडला आहे. रस्ते, निविदा, कंत्राटे, मोडलेल्या ठेवी यांची चर्चा झाली व ती यापुढेही व्हावयास हवी. परंतु एका गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. ती गोष्ट म्हणजे या काळात महापालिकेच्या इमारतींतील खोल्यांचे काय झाले, ही होय. विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. ज्या संस्थेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर गेला, तिच्या खुर्च्या-टेबलांची उठाठेव वृत्तपत्राने पहिल्या पानावर का करावी, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, एखादी संस्था कोणासाठी चालते हे तिच्या ठरावांवरून जितके कळते तितकेच, किंबहुना काकणभर अधिक, तिने आपल्या जागा कोणास दिल्या व कोणास नाकारल्या यावरून कळते.

या चार वर्षांतील दोन प्रसंग आठवून पाहावेत. डिसेंबर २०२२ मध्ये शिवसेनेच्या दोन गटांत मुख्यालयातील पक्षकार्यालयाच्या ताब्यावरून हमरीतुमरी झाली आणि प्रशासनाने सर्वच पक्षांच्या कार्यालयांना टाळे ठोकले. सभाच अस्तित्वात नसताना सभेतील पक्षांना कार्यालये कशासाठी, हा प्रश्न त्या टाळ्याने आपसूक निकालात निघाला, असे त्या वेळी पुष्कळांस वाटले. परंतु पुढे काही महिन्यांतच, जुलै २०२३ मध्ये, त्याच मुख्यालयात उपनगर जिल्ह्याच्या पालकमंत्र्यांस दालन देण्यात आले. मंत्री हा राज्य शासनाचा घटक. महापालिका ही घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने मान्यता पावलेली स्वतंत्र स्वराज्यसंस्था. नागरिकांची गाऱ्हाणी ऐकण्यासाठी हे दालन आहे, असा खुलासा तेव्हा करण्यात आला. हेतू चांगला असेल. त्याविषयी आम्ही शंका घेत नाही. पण लोकांनी निवडलेल्यांच्या खोल्यांना कुलूप आणि वरून आलेल्यांस दालन, हे चित्र स्वराज्यसंस्थेच्या आरोग्याचे लक्षण खचित नव्हे. जागेचा प्रश्न हा शेवटी सत्तेचाच प्रश्न असतो, याचा याहून बोलका दाखला शोधून सापडणार नाही.

आता २२७ नगरसेवक निवडून आले आहेत. समित्या आल्या, अध्यक्ष आले, गटनेते आले. प्रत्येकाला दालन पाहिजे, दालनाबाहेर भेटीस येणाऱ्यांसाठी बैठक पाहिजे, स्वीय सहायकासाठी कोपरा पाहिजे. दुसरीकडे खात्यांची तक्रार अशी की, आम्हांसच जागा पुरत नाही. विभाग कार्यालयांत जावे तर तेथेही तोच सूर. जिन्याखाली कपाटे, कपाटांवर गठ्ठे, गठ्ठ्यांवर धूळ आणि त्या सर्वांतून वाट काढीत चालणारा नागरिक, हे दृश्य या शहरात कोणास अपरिचित आहे? तेव्हा नवी इमारत बांधा, मजले चढवा, शेजारचा भूखंड घ्या, अशा सूचना पुढे येणार हे उघड आहे. राज्य शासनाने नाही का नरिमन पॉइंट येथील एअर इंडियाची तेवीस मजली इमारत १,६०१ कोटी रुपयांस घेण्याचे ठरविले, असा दाखलाही कोणी देईल.

आमचे म्हणणे असे की, नव्या जागेची एक वीटही रचण्यापूर्वी जुन्या जागेचा हिशेब जनतेसमोर यावा. कारण महापालिकेपाशी जागा कमी आहे, हे विधान आजवर कोणी आकडे मांडून सिद्ध केलेले नाही. ते गृहीत धरले गेले आहे, एवढेच.

प्रथम ही जागा कोठे आहे ते पाहू. बोरीबंदरासमोर उभी असलेली, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याने रचलेली मुख्यालयाची देखणी वास्तू १८९३ साली पूर्ण झाली. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ८ लाख २२ हजारांच्या आसपास होती आणि शहराची हद्द माहीम व शीव येथे संपत होती. त्या मुंबईसाठी कोटाच्या वेशीवर कचेरी असणे अगदी योग्य होते. पुढे १९५० साली व नंतर १९५७ साली उपनगरे शहरात सामील झाली आणि मुंबईची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. २०११ च्या जनगणनेप्रमाणे बेटावरील मूळ शहरात सुमारे ३१ लाख, तर उपनगरांत सुमारे ९४ लाख लोक राहत होते. म्हणजे दर चार मुंबईकरांतील तिघे उपनगरवासी झाले. कारभाराचे सिंहासन मात्र दक्षिण टोकावरून हलले नाही. खातेप्रमुख तेथे, समित्यांच्या सभा तेथे, शेवटची सही तेथे. दहिसरच्या माणसाने आपल्या गल्लीतील नाल्यासंबंधी कोणा वरिष्ठास भेटावयाचे म्हटले तर त्याने दोन्ही वेळचा लोकलचा प्रवास करून दिवस मोडावा, अशी ही व्यवस्था आहे.

विभाग कार्यालये हा त्यावरील उतारा होता. पण त्यांच्या वाटणीतही इतिहासाचे ओझे आहे. २०११ च्या जनगणनेच्या वेळी डोंगरी-मशीद बंदर परिसराच्या बी विभागाची लोकसंख्या १ लाख २७ हजार होती. मालाडच्या पी उत्तर विभागाची ९ लाख ४१ हजार. एका विभाग कार्यालयाच्या दारात सव्वा लाख लोक आणि दुसऱ्याच्या दारात साडेनऊ लाखांच्या जवळपास! मालाडची ही लोकसंख्या महाराष्ट्रातील कित्येक स्वतंत्र महापालिकांहून मोठी होती. जन्माचा दाखला, पाण्याची जोडणी, दुकानाचा परवाना, कुत्र्यांचा उपद्रव, पडावयास आलेले झाड, या साऱ्यांसाठी एवढ्या मोठ्या समुदायास एकच दार असेल तर त्या दारात चेंगराचेंगरी होणारच. हा दोष त्या कार्यालयातील कारकुनाचा नव्हे, आणि केवळ चौरस फुटांचाही नव्हे. जेथे माणसे आहेत तेथे खोल्या नाहीत आणि जेथे खोल्या आहेत तेथून माणसे केव्हाच निघून गेली, असा हा प्रकार आहे. विभागांचे विभाजन हा यावरील रास्त उपाय आहे. पण प्रत्येक विभाजनाच्या वेळी नव्या विभागासाठी जागा कोठून आणावयाची, येथेच गाडे अडते.

दुसरी गोष्ट दालनांची. आपल्याकडे अधिकाऱ्याचा हुद्दा चौरस फुटांत मोजण्याची पद्धत गोऱ्या साहेबाने घालून दिली आणि आपण ती भक्तिभावाने जतन केली. साहेबाच्या दालनास आधी एक बाहेरची खोली, त्यात स्वीय सहायक. त्याबाहेर बाक, बाकावर शिपाई. आणि मग व्हरांड्यात उभी जनता. सात-आठ माणसांचे बिऱ्हाड मावेल एवढ्या दालनात एक अधिकारी बसतो, आणि तोही दुपारपर्यंत बहुधा बैठकीस किंवा पाहणीस गेलेला असतो. पाहणीस जाणे हे त्याचे कामच आहे. त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार एवढीच की, तो नसतो तेव्हा त्या दालनाचा दिवा मालवलेला असतो, वातानुकूलन यंत्र कधीकधी चालू असते, आणि त्याच मजल्यावर चार कारकून एका टेबलाभोवती गुडघे आखडून बसलेले असतात. मंजूर पदांतील मोठी संख्या रिक्त आहे, अशी कामगार संघटनांची सततची तक्रार आहे, आणि प्रशासनानेही ती नाकारलेली नाही. मग त्या रिक्त पदांची टेबले कोठे आहेत? की कर्मचारी निवृत्त झाला तरी त्याचे टेबल सेवेत राहते?

तथापि प्रश्न केवळ टेबले हलविण्याचा नाही, हे महाराष्ट्राने फार पूर्वी अनुभवाने ओळखलेले आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी अहमदनगरचे (आजचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीत जो प्रयोग केला तो पुढे 'लखिना पॅटर्न' या नावाने प्रशासकीय वर्तुळात सर्वतोमुखी झाला. त्यांनी जुन्या दप्तराची छाननी केली. जे ठेवावयाचे ते नीट लावले आणि ज्याची मुदत संपली ते काढून टाकले. कर्मचाऱ्यांची बसण्याची रचना बदलली. कोणते काम कोणत्या टेबलावर होते याची माहिती येणाऱ्यास सहज मिळेल अशी सोय केली. परंतु या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट निराळीच होती. त्यांनी निर्णयाचे अधिकार खालच्या पायरीवर सोपविले. ज्या कामासाठी कागद चार टेबलांवरून वर जाऊन पुन्हा चार टेबलांवरून खाली येत असे, ते काम पहिल्या किंवा दुसऱ्या टेबलावरच संपू लागले.

या प्रयोगाचे मर्म फार थोड्यांच्या लक्षात आले असे आम्हांस वाटते. पुढे ज्यांनी त्याचे अनुकरण केले त्यांनी रंग दिला, कुंड्या ठेवल्या, फलक लावले, कपाटे एका रांगेत केली. पण अधिकार वरचे वरच राहिले. त्यामुळे नवलाई ओसरताच कपाटे पुन्हा व्हरांड्यात आली. जागा आणि निर्णय यांचा अतूट संबंध आहे. एका दाखल्यासाठी माणसास तीन फेऱ्या माराव्या लागत असतील तर कचेरीत तिप्पट गर्दी होईल. तिप्पट गर्दीस तिप्पट बाके लागतील. आणि मग कोणी म्हणेल, इमारत अपुरी पडते. कागद ज्या टेबलावर महिनाभर पडून राहतो तेथे महिनाभराचे गठ्ठे साचतात. तोच तीन दिवसांत निघाला तर गठ्ठ्यांची जागा दशांशाने उरते. 'आज साहेब नाहीत, उद्या या' या पाच शब्दांनी महापालिकेची जितकी जागा खाल्ली आहे तितकी दुसऱ्या कशानेही खाल्ली नसेल. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने सेवा ठराविक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क केला आहे. त्या कायद्याची अंमलबजावणी मनापासून झाली तर नव्या इमारतीची निम्मी मागणी आपोआप गळून पडेल, असे आमचे अनुमान आहे.

दप्तराविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. शासकीय कागदांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. 'अ' वर्गाचे कागद कायमचे राखावयाचे, 'ब' वर्गाचे तीस वर्षे, त्याखालचे त्याहून कमी, आणि 'ड' वर्गाचे एक वर्षात काढून टाकावयाचे. नियम इतका स्वच्छ असूनही 'ड' वर्गाचे गठ्ठे नातवंडे पाहून जातात. कारण कागद ठेवल्याबद्दल कोणास शिक्षा होत नाही, फाडल्याबद्दल मात्र चौकशी होऊ शकते. केंद्र शासनाने २०२१ पासून आपल्या खात्यांत दर वर्षी सफाईची विशेष मोहीम चालविली आहे. पहिल्या वर्षी तिच्यातून सुमारे १२ लाख चौरस फूट आणि २०२२ साली सुमारे ९० लाख चौरस फूट जागा मोकळी झाल्याचे शासनाने जाहीर केले. रद्दी विकून पैसाही आला. राज्य शासनानेही जानेवारी २०२५ मध्ये शंभर दिवसांचा जो कार्यक्रम हाती घेतला त्यात कार्यालयांची स्वच्छता आणि येणाऱ्या अभ्यागतांची सोय यांचा समावेश होता. मोहिमेच्या आकड्यांत थोडी फुगवणूक असते असे जरी धरले तरी एवढी जागा नुसत्या रद्दीखाली होती, हे सत्य उरतेच.

मात्र येथे एक इशारा दिला पाहिजे. सफाईच्या उत्साहात इतिहास रद्दीत जाऊ नये. जुन्या चाळींचे नकाशे, जन्म-मृत्यूची पुस्तके, मालमत्ता कराच्या जुन्या नोंदी यांवर आज हजारो कुटुंबांचे हक्क अवलंबून आहेत. पुनर्विकासाच्या काळात एका जुन्या पावतीने भाडेकरूचे घर वाचते आणि ती सापडली नाही तर जाते. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत कागद जळाल्याने केवढा गोंधळ माजला हे लोक विसरलेले नाहीत. तेव्हा छाननी जाणत्या माणसांकडून व्हावी, जतन करावयाचे कागद आधी संगणकावर उतरावेत आणि मग मूळ प्रती शहराबाहेरच्या स्वस्त पण सुरक्षित जागेत न्याव्यात. फोर्टातील चौरस फुटाचा भाव देऊन तेथे १९९० सालच्या आवक-जावक नोंदवह्या सांभाळण्याची चैन मुंबईस परवडणारी नाही.

आता वेळेकडे वळू. राज्य शासनाने २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा सुरू केला. महापालिकेच्या कचेऱ्यांचे वेळापत्रकही साधारण याच धर्तीचे आहे. आठवड्याच्या १६८ तासांपैकी कचेरी उघडी असते ती चाळीस-बेचाळीस तास. म्हणजे चौथा हिस्सा. उरलेला तीन चतुर्थांश काळ या इमारती कुलूपबंद असतात, आणि त्या ज्या वेळात उघड्या असतात त्याच वेळात नोकरदार माणूस स्वतःच्या नोकरीवर असतो. म्हणजे दाखला काढावयाचा तर रजा काढावी लागते. एका कुटुंबाची एक रजा ही लहान गोष्ट वाटेल. सव्वा कोटींच्या शहरात त्या रजांची बेरीज कोणी केली आहे काय? सारीच खाती रात्रंदिवस उघडी ठेवा असे आम्ही म्हणत नाही. पण नागरी सुविधा केंद्र आठवड्यातून दोन दिवस रात्री नऊपर्यंत आणि शनिवारी दुपारपर्यंत चालविण्यास नवी जागा लागत नाही; पाळी लावावी लागते. महापालिकेला हे करता येते याचा पुरावा तिनेच दिलेला आहे. नोव्हेंबर २०२२ पासून सुरू झालेल्या 'आपला दवाखाना' योजनेत रात्री दहापर्यंत रुग्ण तपासण्याची सोय करण्यात आली आणि दिवसभर राबणाऱ्या लोकांनी तिचा लाभ घेतला. मुख्यालयाची वास्तूही जानेवारी २०२१ पासून शनिवार-रविवारी पर्यटकांस दाखविण्याची योजना निघालीच होती. प्रेक्षकांसाठी रविवारी दार उघडते तर करदात्यांसाठी ते का उघडू नये?

हीच गोष्ट शाळांची. महापालिकेच्या मराठी शाळांतील पटसंख्या घसरत गेली आणि वर्ग ओस पडले. ती एक स्वतंत्र व दुःखद कहाणी आहे आणि तिचे खापर कोणा एकावर फोडता येणार नाही. पण ते वर्ग आज आहेत, त्यांस दारे-खिडक्या आहेत, वीज आहे, आणि मुख्य म्हणजे ते वस्तीच्या मध्यभागी आहेत. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांमध्ये बसून परीक्षेचा अभ्यास करणारी मुले या शहरात लाखांनी आहेत. त्यांस रात्री अकरापर्यंत दिवा आणि शांतता मिळाली तर ती काय करून दाखवितील हे अभ्यासिकांच्या अनुभवावरून सर्वांस ठाऊक आहे. त्याच इमारतीत आठवड्यातून दोन संध्याकाळी विभागाचा कनिष्ठ अभियंता आणि आरोग्य खात्याचा माणूस येऊन बसला तर नागरिकास विभाग कार्यालयाची वाट धरण्याचे कारण उरणार नाही. राज्याने २००९ साली कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. ती कागदावरच राहिली. या क्षेत्रसभा भरावयाच्या कोठे, हा बहाणा निदान यापुढे चालू नये.

जागा मिळत नाही ही तक्रार संकटाच्या वेळी कशी विरून जाते, हे २०२० साली आपण पाहिले. करोनाची साथ आली आणि त्या जून महिन्यात विभागवार नियंत्रण कक्ष उभे राहिले. लोक त्यांस 'वॉर रूम' म्हणू लागले. रुग्णास खाट मिळवून देण्याचे काम मध्यवर्ती कचेरीतून निघून चोवीस विभागांत वाटले गेले. त्यासाठी कोणी नवी इमारत बांधली नाही. असलेल्याच खोल्यांत टेलिफोन, संगणक आणि निर्णय घेण्याचा अधिकार असलेली माणसे बसविली. जागा पूर्वीचीच होती. अधिकार नवा होता. ती निकड सरली तशी ती व्यवस्थाही आवरती घेतली गेली आणि खाटांऐवजी खड्डे, गळती, औषधफवारणी यांसाठी तीच पद्धत चालू ठेवावी असे कोणास सुचले नाही.

आता ज्या खोल्यांविषयी क्वचितच कोणी लिहितो त्यांविषयी. या शहरात सफाई कामगारांच्या हजेरीच्या चौक्या आहेत. पहाटे अंधारात कामगार तेथे येतात, मुकादमापाशी हजेरी देतात, झाडू व गाड्या घेतात आणि कामावर जातात. यांतील कित्येक चौक्या म्हणजे पत्र्याचे छप्पर आणि एक खिडकी. कपडे बदलण्यास आडोसा नाही, आंघोळीस पाणी नाही, स्त्री कामगारांसाठी स्वतंत्र शौचालय नाही. शहराची घाण अंगावर घेतलेला माणूस तशाच कपड्यांनी लोकलमध्ये चढतो आणि शेजारचा प्रवासी नाक मुरडून बाजूस सरकतो. ज्या संस्थेत एका अधिकाऱ्याच्या दालनाबाहेरच्या खोलीस गालिचा मिळतो त्याच संस्थेत तिचे सर्वांत अवघड काम करणाऱ्यास नळ मिळत नाही, ही विषमता कोणत्याही जमाखर्चात बसविता येणार नाही. जागेचा पुनर्विचार करावयाचा तर त्याचा आरंभ येथून व्हावयास हवा. आणि त्यासाठी फार जागा लागते असेही नाही. प्रत्येक विभागातील महापालिकेच्या मंडईच्या किंवा दवाखान्याच्या इमारतीत तळमजल्यावरच्या दोन खोल्या पुरेत.

नगरसेवकांच्या दालनांचा प्रश्नही याच दृष्टीने पाहावा. नगरसेवकाची खरी जागा त्याच्या प्रभागात आहे. मुंबईत ती जागा महापालिकेने दिली नाही म्हणून पक्षांच्या शाखांनी घेतली. पाणी आले नाही, गटार तुंबले, मुलाला शाळेत प्रवेश पाहिजे, की माणूस शाखेत जातो. शाखांनी या शहरात जे काम केले ते आम्ही नाकारीत नाही. दाराशी कोणी तरी ऐकणारे आहे हा धीर त्यांनी सामान्य माणसास दिला. परंतु नागरिकाचा हक्क हा कार्यकर्त्याचा उपकार होऊन बसला, हीही त्याचीच दुसरी बाजू आहे. ज्याने मत दुसऱ्यास दिले त्याने त्या पायरीवर कोणत्या तोंडाने जावे? प्रत्येक प्रभागात महापालिकेच्याच एखाद्या इमारतीत नगरसेवकासाठी ठराविक वारी, ठराविक वेळी, पक्षाच्या झेंड्यावाचून एक खोली असावी. तेथे महापालिकेचा एक कर्मचारी नोंदवही घेऊन बसावा, आणि निवडणूक हरली तरी खोली राहावी, माणूस बदलावा. असे झाले तर मुख्यालयातील पक्षकार्यालयांवरून पुन्हा हाणामारी होण्याचे कारणही बरेच कमी होईल.

विलायतेत २०१३ पासून स्थानिक संस्था व मध्यवर्ती शासन यांनी आपल्या इमारती एकत्र वापराव्यात म्हणून 'वन पब्लिक इस्टेट' नावाचा कार्यक्रम चालविला आहे. एकाच छपराखाली नगरसभा, आरोग्यसेवा, ग्रंथालय आणावयाचे, अशी त्यामागील कल्पना. ती आपणही घ्यावी. मुंबईत तर महापालिका, जिल्हाधिकारी, म्हाडा आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण या चार दारांत एकाच घराचे कागद फिरत असतात. पण त्या देशाने दुसराही धडा दिला आहे. बर्मिंगहॅमची नगरसभा सप्टेंबर २०२३ मध्ये आर्थिक डबघाईस आली आणि तिला आपल्या मालमत्ता विकावयास काढाव्या लागल्या. रिकामी जागा ही विक्रीयोग्य जागा होय, असा अर्थ काढणारे लोक आपल्याकडेही पुष्कळ आहेत. २०२४ साली वरळीच्या डांबर कारखान्याचा आणि महात्मा फुले मंडईजवळचा भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने लिलावात काढण्याचा बेत पुढे आलाच होता. म्हणून आम्ही स्पष्ट सांगतो की, वापर सुधारून मोकळी झालेली जागा नागरिकांच्याच कामी यावी. ती टोलेजंग इमारतींच्या धन्यांसाठी मोकळी करावयाची असेल तर कपाटे आहेत तेथेच राहू द्यावीत! मुंबईत विकलेली जमीन परत मिळत नाही.

या सूचनांवर आक्षेप येतील. कागदपत्रांच्या सुरक्षिततेचे काय, रात्रीच्या पाळीचा खर्च कोण देणार, कामगार संघटना मान्य करतील काय, जतन-वास्तूत फेरफार करता येतील काय, असे ते असतील. यांतील पहिला खरा आहे आणि त्याचे उत्तर कपाटांना कुलूप व दप्तरखाना स्वतंत्र, एवढेच आहे. दुसऱ्याचे उत्तर असे की, पहारेकरी रात्री आजही असतोच. संघटनांशी आधी बोलावे. चौक्यांच्या सुधारणेपासून आरंभ झाला तर त्या विरोध करतील असे आम्हांस वाटत नाही. आणि वास्तूचे म्हणाल तर तिची शोभा बिघडविली आहे ती पंखे, तारा आणि प्लायवूडच्या आडभिंतींनी. नागरिकांच्या वावराने नव्हे.

नव्या सभेपुढे आमची मागणी मर्यादित आहे. महापालिकेच्या मालमत्ता खात्याने प्रत्येक विभागातील प्रत्येक इमारतीची यादी करावी. कोणती खोली किती चौरस फुटांची, कोणत्या खात्याकडे, तेथे प्रत्यक्ष किती माणसे बसतात, ती आठवड्यातून किती तास उघडी असते आणि तेथे रोज किती नागरिक येतात, एवढे रकाने पुरे आहेत. ही यादी माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील स्वतःहून जाहीर करावयाच्या माहितीत घालून विभाग कार्यालयाच्या दारावर मराठीत लावावी. ती सहा महिन्यांत होण्यासारखी आहे. घराघरांतून मालमत्ता कर वसूल करणाऱ्या संस्थेला परक्यांच्या घरांचे चौरस फूट मोजण्याची सवय आहेच, आता स्वतःचे मोजावयाचे आहेत. ती यादी सभेपुढे येईपर्यंत नव्या कार्यालयीन इमारतीचा, मजला चढविण्याचा किंवा दालन सजविण्याचा एकही प्रस्ताव स्थायी समितीने मंजूर करू नये. चौक्यांतील नळ व न्हाणीघरे यांचा प्रस्ताव मात्र यादीसाठी थांबवून ठेवण्याचे कारण नाही. तो येत्या बैठकीतच यावा.